सोनी, जिलबी आणि बोळातलं दार : घरी येऊन कुत्र्यांचं वागणं बघणाऱ्या एका बाईंच्या सेवेबद्दल

पाचपैकी साडेतीन. चार देणार होते, पण बाई पहिल्याच दिवशी पावणेदोन तास उशिरा आल्या आणि साधा फोनही केला नाही, त्याचा अर्धा कापला.

नाव लिहीत नाही. मी विचारलं होतं, "मॅडम, आपका नाम डाल दूँ?" तर म्हणाल्या, "मत डालिए, फोन वैसे ही साँस नहीं लेने देता." त्या मूळच्या भोपाळच्या, आठवड्यातले दोन दिवस इंदूरला असतात. 'बैस', 'ऊठ', 'शेकहँड' असलं काही शिकवत नाहीत. कुत्रा अचानक वेगळं वागायला लागला की का, ते शोधतात. कोणाला नंबर हवा असेल तर आपल्या कुत्र्याच्या डॉक्टरांना विचारा, मला तिथूनच मिळाला.

आता आमची रामकहाणी. लांब आहे, पण ज्यांच्या घरात हे चालू आहे ते वाचतील.

आम्ही लोकमान्यनगरात राहतो. जुनं बैठं घर. पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन, ब्लाऊज-फॉलपिकोची कामं, त्यामुळे दिवसभर बायकांची ये-जा. तिथून मागे स्वयंपाकघरात जायला एक बोळ, जेमतेम तीन फूट रुंद. घरात आमचे हे, मी, ८३ वर्षांच्या सासूबाई आणि दोन कुत्र्या. सोनी ही पिवळी लॅब्रेडॉर, आठ वर्षांची. जिलबी गावठी, शेपटीचं वेटोळं बघून सासूबाईंनीच नाव ठेवलं. २०२२ च्या पावसाळ्यात गटारीपाशी कुडकुडत होती, सोनीनेच तिला चाटून चाटून मोठी केली म्हणा ना. दोघींची ऑपरेशनं झालेली. सव्वादोन वर्षं एका गोधडीवर झोपल्या. एका ताटात जेवल्या म्हणत नाही, पण शेजारी-शेजारी जेवल्या.

२०२४ च्या अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १८ सप्टेंबरला, पहिलं भांडण झालं. आदल्या रात्री झांकी, म्हणजे चित्ररथांची मिरवणूक, बघायला पाहुणे आले होते, घर भरलेलं, कोणाचीच झोप नीट नाही. सकाळी मी कणीक मळत होते आणि बोळातून जो आवाज आला तो मी जन्मात ऐकला नव्हता. कुत्री खेळात गुरगुरतात ते वेगळं. हा आवाज पोटातून येतो. जाऊन बघते तर सोनीने जिलबीचा कान धरलेला, जिलबीने सोनीची मान. मी काय करावं? जे करू नये तेच केलं, दोघींच्या मधे हात घातला. कोणाचा दात लागला ते आजतागायत माहीत नाही. डाव्या तळहाताला चांगलं अर्धा इंच खोल. ह्यांनी स्वयंपाकघरातला पाट उचलून दोघींच्या मधे खुपसला, तेव्हा सुटल्या.

इथे एक सांगून ठेवते. कुत्रा घरचा असो, लस टोचलेला असो, चावलं की आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून पंधरा, अंदाजाने नाही. हळद नको, चुना नको, मिरची तर नकोच. आमच्या डॉक्टरांनी टाके घातले नाहीत, म्हणाले चावलेली जखम लगेच शिवायची नसते. रेबीजची इंजेक्शनं मात्र सुरू केली, दंडात, पहिल्या दिवसाला शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. दहा दिवस मशीनवर बसता आलं नाही. नवरात्राची कामं अंगावर होती, ती सगळी दुसरीकडे गेली.

हे धरून नऊ आठवड्यांत नऊ भांडणं. त्यात दोनदा जिलबीला टाके.

दुसऱ्या-तिसऱ्या भांडणानंतर भाच्याने एक ट्रेनर सुचवला. त्याचंही नाव लिहीत नाही, पण कारण वेगळं आहे. महिन्याचा कोर्स १२,००० रुपये, निम्मे आधी. तरुण मुलगा, दंडावर लांडग्याचं गोंदण, बोलण्यात भलताच आत्मविश्वास. दोन मिनिटांत निदान करून मोकळा : "दीदी, ये अल्फा की लड़ाई है. छोटी वाली बड़ी को चैलेंज कर रही है." अल्फा म्हणजे कळपाचा म्होरक्या. उपाय म्हणजे जी गुरगुरेल तिला पाठीवर उताणी पाडायची आणि शांत होईपर्यंत दाबून धरायची, म्हणजे तिला कळतं मालक कोण. सोनी गुरगुरली. त्याने तिला पाडलं. ती किंचाळली. गुरगुरली नाही, किंचाळली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण समोरचा माणूस 'सर' असला की आपली जीभ टाळ्याला चिकटते.

अशा पाच शिकवण्या झाल्या. सोनी गुरगुरायची थांबली आणि सर म्हणाले, "देखा?" बघितलं ना. त्यानंतर ती न गुरगुरता थेट चावायला लागली. आधी निदान सूचना तरी मिळत होती, आता तीही गेली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात, इथे तर जखम खरोखरच मांडीला होती, ते पुढे कळलं. उरलेले ६,००० मी दिले नाहीत, दिलेले ६,००० परत मिळाले नाहीत. दिवाळीत एकीला आमच्या खोलीत, दुसरीला सासूबाईंच्या खोलीत कोंडून आम्ही फराळ केला.

नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या डॉक्टरांनी ह्या मॅडमचा नंबर दिला. मी फोनवरच रडायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. एक, आत्ता ह्या क्षणी दोघी वेगळ्या आहेत का? नसतील तर आधी दार लावा, मग बोला. दुसरा, मोठीचा एक्स-रे कधी काढला होता?

काढलाच नव्हता. लंगडत नाही, खाते-पिते, एक्स-रे कशाला?

"तो पहले निकलवाइए. मैं उसके बाद आऊँगी."

मी म्हटलं, मॅडम, फी आत्ता पाठवते, उद्याच या. नाही म्हणाल्या. मी पैसे द्यायला तयार आणि त्या घ्यायला तयार नाहीत, असं माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. हे साडेतीन तारे मुख्यतः त्या एका 'नाही'चे आहेत. आठ वर्षं शांत असलेला कुत्रा एकाएकी चावायला लागला तर आधी दुखणं शोधायचं, असं त्यांचं म्हणणं. कान, दात, सांधे, थायरॉइड, कमी झालेली नजर. हे सगळं बघून झालं की मग स्वभावाकडे यायचं. उलट्या बाजूने सुरुवात केली की काय होतं, ते मी ६,००० देऊन बघितलं होतं.

शेजारच्या काकूंची नात महूच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकते. १९५५ सालचं कॉलेज, पण इतकी वर्षं इंदुरात राहून मला तिथे दवाखाना आहे हे माहीत नव्हतं. तिच्या ओळखीने नाही, तिच्या सोबतीने गेलो, रांगेतच उभं राहिलो. थोडी गुंगी देऊन सोनीला उताणी ठेवून खुब्यांचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून दाखवली. खुब्याचा गोळा वाटीत बसायला हवा, तर तिच्या वाट्या मुळातच उथळ. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड अशा जातींत हे बरंच आढळतं. लहानपणापासून असतं, वयाबरोबर सांधा झिजतो आणि वजन जास्त असेल तर लवकर झिजतो. सोनीचं वजन भरलं ३६ किलो. लॅब्रेडॉर मादीचं ३२ च्या आत हवं. सासूबाईंनी काट्याकडे बघितलं आणि पदर सावरला.

आणि त्या पोराने तिला उताणी पाडून दाबलं होतं. माझ्या देखत, पाच वेळा. मी पैसे देऊन.

नंतर आठवत गेलं. गच्चीवर यायचं तिने उन्हाळ्यातच बंद केलं होतं, आम्ही म्हणायचो म्हातारी झाली, आळशी झाली. बसताना एक पाय बाजूला टाकून तिरकी बसायची, आम्ही म्हणायचो बघा कशी ऐटीत बसते. सकाळी उठताना आधी पुढचे पाय, मग मधे थांबणं, मग मागचे. कुत्रा दुखतंय म्हणून सांगायला येत नाही, ते आपण ओळखायचं असतं. आम्ही तिची ऐट बघत बसलो.

डॉक्टरांनी रक्त तपासून, लिव्हर-किडनी ठीक आहे ना बघून, मगच दुखण्याची गोळी सुरू केली. माणसांच्या गोळ्या देऊ नका असं दोनदा बजावलं. आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या पोटात अल्सर करते, किडनीही जाऊ शकते.

आता मॅडम. १२ डिसेंबर, गुरुवार. वेळ ठरली होती अकराची, आल्या पाऊण वाजता. फी २,५०० रुपये, दोन तासांची. आल्यावर पहिली चाळीस मिनिटं त्यांनी कुत्र्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, घराचा नकाशा काढा. माझ्याकडे ब्लाऊजच्या कटिंगचा खाकी कागद होता, तो जमिनीवर पसरला. भिंती, दारं, खाटा, पाण्याची भांडी, सासूबाईंची खुर्ची. मग म्हणाल्या, प्रत्येक भांडण जिथे झालं तिथे खूण करा. मी टेलरचा खडू घेतला.

नऊपैकी सात खुणा बोळात.

इतके दिवस मी विचार करत होते की जिलबीला काय झालं, सोनीला काय झालं. घराला काय झालं हा विचार कोणी करतो का? तीन फुटांचा बोळ, त्यात दोन कुत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरकावं लागणार. सोनीला मागच्या पायांवर भार टाकून मागे सरकताच येत नव्हतं. जिलबी तरुण, धडकत-धडकत जाणार, त्या धक्क्याने सोनीच्या खुब्यातून कळ जाणार. सोनीने 'लांब राहा' म्हणून गुरगुरून पाहिलं. ते आम्ही बंद पाडलं. मग दात. आणि जिलबी आता अडीच वर्षांची. दोन-तीन वर्षांच्या वयात कुत्री मनानेही मोठी होतात, पिल्लू असताना ऐकून घेतलं ते आता ऐकत नाहीत. त्यात दोघी माद्या. घरातल्या दोन माद्यांची भांडणं लागली तर ती जास्त गंभीर होतात आणि मिटायला जड जातात, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. "मैं गारंटी नहीं देती," हे वाक्य त्या दर पंधरा मिनिटांनी म्हणत होत्या. आमच्या ह्यांना ते आवडलं नाही, मला आवडलं.

अल्फाचं मी विचारलंच. त्या हसल्या. म्हणाल्या, ती कल्पना बंद आवारात ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९४७ साली त्यावर लिहिलं होतं. लांडग्यांचेच दुसरे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीही आधी तोच शब्द वापरला, पण पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. तिथे गादीसाठी रोज मारामारी चालत नाही. आणि मुळात कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. माझ्या मनात आलं, त्या गोंदणाचं आता काय करायचं?

बोळाच्या टोकाला सासूबाईंची खुर्ची होती. आठवी खूण, म्हणजे बोळाबाहेरची पहिली, फाटकापाशी. रोज सकाळी सव्वासातला कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. इंदूर स्वच्छतेत पहिलं आलंय, येतंय, २०१७ पासून येतच आहे, आम्हाला अभिमान आहे, पण ते गाणं सुरू झालं की दोघी फाटकावर उड्या मारून बेभान व्हायच्या. गाडीवाल्यापर्यंत दात पोचत नाही, मग शेजारी जी उभी असेल तिच्यावर राग निघतो. माणसं ऑफिसातला राग घरी आणून काढतात, तसंच.

आणि नववी खूण, सासूबाईंच्या खुर्चीपाशी. हा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला. पोळ्या चालू असताना पहिल्या पोळीचा तुकडा कुत्र्याला, हा त्यांचा नेम. खुर्चीत बसून त्या हाताने भरवायच्या, एक सोनीला, एक जिलबीला, आणि 'चव लागली का गं' म्हणून पुन्हा एक-एक. बोळाच्या तोंडाशी, दोघींची डोकी एकमेकींना चिकटलेली. मॅडम म्हणाल्या हे बंद. सासूबाईंना हिंदी सगळं कळतं, पण त्यांनी न कळल्यासारखं केलं. मग मला मराठीत म्हणाल्या, "अगं, ह्या बाईला सांग, मी ह्या घरात एकोणसाठ वर्षं पोळी देतेय. ह्या दोघींच्या आधी मोत्या होता, त्याच्या आधी टायगर. कधी भांडण नाही झालं."

"एका वेळी एकच होता ना, आई," हे म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाणी प्यायला उठून गेले.

मॅडमनी इथे जे केलं त्याचे पैसे वेगळे घ्यायला हवे होते त्यांनी. त्यांनी पोळी बंद केली नाही. म्हणाल्या, माताजी, बोळात मधे दार बसेल तेव्हा त्याच्या कडीचं काम तुमच्याकडे. कोण कुठल्या बाजूला आहे हे बघितल्याशिवाय कडी कोणीही उघडायची नाही, सूनबाईनेही नाही. आणि पोळी तुम्हीच द्यायची, पण वाटीत, बारा वाजता, सोनीची दाराच्या अलीकडे, जिलबीची पलीकडे, आणि सोनीला अर्ध्याचीही अर्धी. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नोंदी ठेवायला सुरुवात केली. 'जि. बाहेर ९.१०. सो. आत.' आमच्या घरात एवढी शिस्त ह्यांच्या बी.कॉम.च्या परीक्षेनंतर पहिल्यांदाच आली.

दाराबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्या खर्चात वसूल झालेली वस्तू हीच. अन्नपूर्णा रोडच्या एका वेल्डरकडून करून घेतलं. चौकोनी पाइपची चौकट, चार फूट उंच, किलोवर हिशोब : २१ किलो, १६० रुपये किलो, ३,३६० रुपये. "हओ दीदी, हो जाएगा," म्हणाला आणि उभ्या सळ्या चार-चार इंचांवर लावून घेऊन आला. जिलबीचं अख्खं तोंड त्यातून बाहेर आलं. परत नेऊन बारीक जाळी मारायला लावली, त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. तुम्ही करून घ्याल तेव्हा आधी जाळी सांगा, आणि कडी वरच्या बाजूला घ्या, खालची कडी नाकाने उघडते. बाजारात लहान मुलांसाठी मिळणारी दारं मी पाहिली, अडीच फुटांची, दाबून बसवायची. ३६ किलोच्या कुत्रीने अंग टाकलं की ती दार आणि भिंतीचा गिलावा दोन्ही घेऊन जाईल.

पहिले काही दिवस दारावर पडदा लावून ठेवायचा, कारण भांडण दातांनी सुरू होत नाही, डोळ्यांनी होतं. हे मला बघायला शिकवलं त्यांनी. तोंड मिटतं, अंग ताठ होतं, शेपटी वर जाऊन थांबते, नजर हलत नाही. तेवढ्यात हाक मारून लक्ष वळवलं तर वळतं, त्यानंतर नाही. मी जुन्या चादरीचा पडदा शिवला आणि जानेवारीपासून रोज दोन इंच दुमडून टाचण्या लावत गेले. ज्या दिवशी कोणी ताठ झालं त्या दिवशी उलटे दोन इंच खाली. पूर्ण पडदा वर जायला पाच आठवडे लागले. माझ्या हातून इतकं हळू काम आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाचं झालेलं नाही.

तोंडाला घालायच्या मुसक्यांचंही थोडं. इंदूरच्या दोन-तीन दुकानांत मला नायलॉनच्याच पट्ट्या दाखवल्या, तोंड गच्च बांधणाऱ्या. "सब यही ले जाते हैं." त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, आणि धाप हाच त्याचा पंखा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, ४२ डिग्रीत, ते जिवावर बेतेल. टोपलीसारखी जाळीदार मिळते ती घ्या, त्यात पाणी पिता येतं, खाऊ देता येतो. ऑनलाइन ७४० रुपयांना एक. नाकाची लांबी आणि जबड्याचा घेर टेपने मोजून मागवली, मापाच्या बाबतीत तरी मी कोणाला ऐकत नाही. पहिल्या दिवशीच घालायची नाही. आतून दही लावून समोर धरायची, तिने स्वतः तोंड घालायचं. जिलबीने चार दिवसांत घातलं. सोनीने तीन आठवडे घेतले, पण दह्याचा वाटा सोडला नाही.

आता तक्रारी.

उशीर सांगितलाच. लेखी काही देत नाहीत. सगळं व्हॉट्सअॅपवर, सात-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज, त्यात मधेच दुसऱ्या कोणाचा तरी कुत्रा भुंकतो आणि आपल्या दोघी इथे उठून बसतात. मी ते ऐकून वहीत उतरवून घेत होते. एवढी फी घेता तर एक कागद द्यायला काय हरकत आहे? पुढच्या चार भेटी ८०० रुपयांच्या, त्यातली एक ऐनवेळी रद्द करून आठवड्याने झाली. आणि प्लगमध्ये लावायचं एक औषध त्यांनी सुचवलं, मादीच्या दुधाच्या वेळच्या वासासारखं काहीतरी, कुत्र्यांना शांत करणारं. ३,१०० रुपये. मला काडीचा फरक दिसला नाही. आठवडाभर तर ते बंदच होतं, कारण सासूबाईंना ते डासांचं मशीन वाटलं आणि थंडीत डास नसतात म्हणून त्यांनी काढून ठेवलं. त्या आठवड्यातही फरक दिसला नाही, यावरून काय ते समजा.

मनाच्या गोळ्यांबद्दल मी स्वतःच विचारलं होतं. ते डॉक्टरांचं काम, मी लिहून देत नाही, म्हणाल्या. फ्लुओक्सेटिनसारख्या गोळीचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आधी दुखण्याच्या गोळीने काय होतं ते बघू. आम्हाला पुढे गरज पडली नाही.

फिरायला नेण्याचा त्यांचा बेत चांगला होता. पहाटे साडेपाचला, गाडी यायच्या आत, हे सोनीला घेऊन रस्त्याच्या एका कडेने, मी जिलबीला घेऊन दुसऱ्या कडेने, एकाच दिशेने, समोरासमोर कधीच नाही. स्टेशनच्या बाजूच्या रस्त्याला त्या वेळी माणूस नसतो. पहिल्या दिवशी तीस पावलांचं अंतर, महिनाभराने सहा. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, इतकी वर्षं आम्ही एकाच रस्त्याने चालत होतो पण बोलत नव्हतो. आता रस्त्याच्या दोन कडांवरून ओरडून बोलतो.

९ फेब्रुवारीला नणंदेने कडी उघडली. सासूबाई देवाजवळ होत्या. दोघी बोळात समोरासमोर, मुसकी नाही. सोनी गुरगुरली. हो, गुरगुरली, तिचा आवाज परत आला होता. जिलबी थांबली, तोंड वळवलं, आणि ह्यांनी पाट घालेपर्यंत तिथेच उभी राहिली. एक झटापट झाली, रक्त नाही. मी मॅडमना घाबरून फोन केला, तर त्या खूश. गुरगुरली हीच चांगली बातमी, म्हणाल्या. पुढचे तीन दिवस पूर्ण वेगळ्या ठेवा, भांडणाचा ताण अंगातून लगेच उतरत नाही.

त्यानंतर आज मे महिन्याच्या मध्यापर्यंत काही नाही. रंगपंचमीला गेरीचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा, आवाज म्हणून दोघी वेगळ्या होत्या. सोनी ३१.५ किलोवर आली आहे. संध्याकाळी पुढच्या खोलीत तासभर दोघी मोकळ्या असतात, मी मशीनवर, एक डोळा कापडावर, एक त्यांच्यावर. जेवण वेगळं, रात्र वेगळी. एका गोधडीवर परत झोपतील का, असं मी विचारलं तर मॅडम सरळ म्हणाल्या, शायद नहीं. ज्यांना 'पहिल्यासारखं करून देतो' असं ऐकायचंय त्यांनी ह्यांना बोलावू नये, दुसरे लोक आहेत, त्यांच्या दंडावर लांडगा असतो.

हिशोब : मॅडमचे ५,७००, दार ३,३६०, दोन मुसक्या १,४८०, ते डासांचं मशीन ३,१००. एकूण १३,६४०. एक्स-रे, रक्त आणि गोळ्या वेगळ्या. आधीचे ६,००० मी ह्यात धरत नाही, ते डोक्यावरून पाणी.

बोलावणार असाल तर गुरुवार मागा, बुधवारी त्या हमखास रखडतात. घराचा नकाशा आधीच काढून ठेवा, अर्धा तास वाचेल. चहा बिनसाखरेचा लागतो. आणि दुपारी बारा ते सव्वाबारा आमच्याकडे फोन करून काही विचारू नका, त्या वेळी सासूबाई वाट्या भरत असतात आणि कडीपाशी कोणी बोललेलं त्यांना चालत नाही.